गच्चीवरचा जुना सोलर उतरवताना
घराचं छप्पर : लेखांक ६

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि पुण्या-नाशकातल्या बंगल्यांच्या गच्चीवर जागेची ओढाताण सुरू झाली. वीज करणाऱ्या पॅनलना किलोवॉटमागे साधारण १०० चौरस फूट जागा लागते, तीही दिवसभर सावली न पडणारी. अशी जागा शोधायला मालक वर जातात, तर नेमका दक्षिणेचा मोक्याचा कोपरा पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पाणी तापवायच्या सोलरने अडवलेला असतो. काच धुरकटलेली, स्टँड गंजलेला, टाकीखाली क्षाराचे पांढरे ओघळ. मग फोन जातो भंगारवाल्याला. खरं तर तो आधी प्लंबरला जायला हवा.

भंगारवाल्याला पॅनलमधलं तांबं दिसतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण घरमालकाच्या दृष्टीने धोका असतो तो पाण्यात, पाण्याच्या जोडांत आणि स्टँडच्या पायांखालच्या स्लॅबमध्ये. दोनशे लिटरची टाकी भरलेली असेल, तर तिच्यात दोनशे किलो पाणी असतं, आणि ऊन चांगलं असेल तर ते साठ अंशांच्या वर गेलेलं असतं. साठ अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी गंभीर भाजते.

त्याआधी वीज. बहुतेक टाक्यांत पावसाळ्यासाठी दोन-तीन किलोवॉटची कॉइल बसवलेली असते आणि ती आहे हेच घरातले लोक विसरलेले असतात. नुसता एमसीबी पाडून भागत नाही. कोणीतरी खालून अंघोळीसाठी तो पुन्हा वर करतो. रिकाम्या टाकीत कॉइल लाल होते, आणि वर पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. इलेक्ट्रिशियनकडून वायर बोर्डापासूनच सोडवून घ्यावी.

पाणी काढायचं ते पहाटे. आदल्या दिवशी सकाळीच पॅनलवर ताडपत्री टाकावी, म्हणजे नवं पाणी तापणार नाही, आणि टाकीतलं गरम पाणी घरात वापरून संपवावं. गच्चीवर उकळतं पाणी सोडलं, तर पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप मऊ पडून वाकतो. इथे आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. टाकीच्या डोक्यावरची हवेची नळी, व्हेंट पाइप, मोकळी आहे का ते आधी बघायचं. ती क्षाराने किंवा गांधीलमाशीच्या घरट्याने बुजलेली असेल आणि खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तर आत पोकळी तयार होते आणि पातळ स्टीलची टाकी आतल्या बाजूला चेपते.

बोअरच्या पाण्याच्या भागात उलटा प्रकार होतो. तळाशी साचलेला क्षार व्हॉल्व्हच्या तोंडाशी येऊन बसतो, धार थेंबावर येते आणि सगळ्यांना वाटतं की टाकी रिकामी झाली. टिचकी मारून अंदाज घेणारे फसतात, कारण बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्यामध्ये पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा, जाड थर असतो. भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचा आवाज जवळपास सारखाच येतो. बाहेर पडलेल्या बादल्या मोजाव्यात. हिशेब जुळत नसेल, तर जोड सोडू नये.

काचेच्या नळ्यांचा सोलर असेल, तर काम नाजूक. या नळ्या दुहेरी काचेच्या, मध्ये निर्वात पोकळी. लांब, १८०० मिलिमीटरच्या एका नळीत अडीच लिटरच्या वर पाणी मावतं, ते वरून निचरत नाही. नळी उपसली की अंगावर येतं. भर दुपारी कोरडी पडलेली नळी दीडशे अंशांच्या पुढे तापते. तिच्यात गार पाणी शिरलं की ती तडकते, म्हणून नळीचं काम दिवस वर येण्याआधी उरकावं. टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर त्या नळीची पोकळी गेली, ती कुचकामी. बाकीच्या नळ्या सुटे भाग म्हणून शेजारच्यांना उपयोगी पडतात. जाड चामडी हातमोजे आणि चष्मा हवाच. जुनी रबरी रिंग चिकटून बसलेली असते आणि जोर लावला की काच हातातच फुटते.

चपट्या पेटीचं पॅनल दोन चौरस मीटरचं, वजन साधारण चाळीस किलो. त्याची काच गच्चीवर फोडू नये, मणी होऊन ती पन्हाळीत जाते. पेटीत तळाशी रॉकवूल किंवा काचलोकर असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या इन्सुलेशनच्या लोकरीला कर्करोगकारक मानलेलं नाही, पण तिची कुसं डोळ्यांत आणि घशात गेली की दिवसभर छळतात. पेटी बंदच खाली न्यावी. जिन्याच्या वळणात ती अडकते, त्यामुळे दोराने उतरवायची वेळ येते. वारा असलेल्या दिवशी उभी धरलेली पेटी शिडासारखी ओढते. पॅराफिटवर वाकलेल्या दोन माणसांना ती घेऊन जाऊ शकते. दोर पॅराफिटला बांधू नये आणि जवळून विजेच्या तारा जात असतील, तर त्या बाजूने काहीही उतरवू नये.

आता पाइप. सोलरकडे जाणारी थंड पाण्याची लाइन बंद केली आणि गरम पाण्याची लाइन उघडीच सोडली, तर दुसऱ्या दिवशी गच्चीवर तळं होतं. न्हाणीघरातल्या मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरतं आणि वर चढतं, कारण मुख्य टाकीची पातळी त्या उघड्या तोंडाहून उंच असते. दोन्ही टोकांना एंड कॅप बसवून, नळ उघडून पाहिल्याशिवाय प्लंबरला सोडू नये.

सगळ्यात महाग चूक मात्र स्टँडच्या पायात असते. पुण्या-मुंबईकडच्या गच्चीवर वीटबंदी कोबा असतो. स्टँडचे अँगल त्यात बोल्ट मारून किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांत रोवून बसवलेले असतात. घाईतला माणूस पहारीने ठोकळा उखडतो आणि त्याच्याबरोबर कोब्याचा पोपडा निघतो. उन्हाळ्यात काही कळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या खोलीच्या छताला ओलीचा नकाशा उमटतो, आणि वॉटरप्रूफिंगच्या खर्चापुढे तांब्याचे पैसे किरकोळ ठरतात. ठोकळा तसाच ठेवावा, अँगल त्याच्या पृष्ठभागाशी कटर मशीनने कापावा, तोंड सीलंटने बंद करावं. भोक पडलंच असेल, तर ते भरून, पाणी साठवून दोन दिवस पाहावं. हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत केलं, तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

कागदाचंही बघावं. पुणे महापालिका सौर संच, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण, गांडूळखत अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. जुन्या सोलरवर ती घेतली असेल, तर तो काढल्यावर आणि नवा संच बसवल्यावर करखात्याला कळवणं हिताचं.

जुना सोलर म्हणजे भंगारच, असंही नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ पॅनल बसवली. रेगन यांच्या काळात, १९८६ मध्ये, छपराच्या दुरुस्तीसाठी ती उतरवली आणि परत चढवली नाहीत. गोदामात पडलेली ही पॅनल पुढे मेन राज्यातल्या युनिटी कॉलेजने नेली आणि त्यांतली काही खाणावळीच्या पाण्यासाठी वापरली. एक पॅनल आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, एक चीनमधल्या देझोऊच्या सौर संग्रहालयात. इथेही तांब्याच्या नळ्या शाबूत असतील, तर गावाकडच्या घराला किंवा वसतिगृहाला हा संच चालतो. देण्याआधी पॅनल पाण्याने भरून, एक रात्र टेकवून ठेवावं आणि सकाळी खालच्या आडव्या नळीच्या, म्हणजे हेडरच्या, जोडाशी बोट फिरवून पाहावं. तिथे ओल लागली, तर मग भंगारवाला.

वीज करणारी पॅनल काढायचं तंत्र वेगळं. त्यांना पाणी नसतं, पण दिवसा ती बंदच करता येत नाहीत. ते पुढच्या आठवड्यात.