नारीन नदीचें पाणी: हिवाळ्याचें कीं उन्हाळ्याचें?

मध्य आशियांतील तिएन शान पर्वताच्या हिमनद्यांतून निघणारी नारीन नदी किरगिझस्तानांतून वाहत उझबेकिस्तानांत उतरते, आणि तेथें कारा दर्या नदीस मिळून सीर दर्या हें नांव धारण करते. पुढें ताजिकिस्तान व कझाकस्तान ह्या देशांतही तिच्या पाण्यावर शेती होते.

वाचकांस वाटेल, नदी एवढी मोठी असतां तंटा तो कसला? तंटा ऋतूचा आहे. किरगिझ लोकांपाशीं तेल व वायू अत्यल्प. हिवाळ्यांत घरें उबदार राखावयाचीं तर तोक्तोगुल येथील २१५ मीटर उंचीच्या धरणांतून पाणी सोडून वीज काढली पाहिजे. खालच्या शेतकऱ्यास मात्र कापसासाठीं तेंच पाणी उन्हाळ्यांत पाहिजे. हिवाळ्यांत आलेलें पाणी गोठलेल्या पात्रांत न मावून उलट पूर आणतें.

सोव्हिएट अंमलांत वरिष्ठांच्या हुकुमानें पाणी उन्हाळ्यांत सुटे, व मोबदला म्हणून खालून कोळसा व वायू वर जाई. १९९१ सालीं हीं राज्यें स्वतंत्र झालीं, आणि पाणी फुकट पण कोळसा विकत, असा प्रकार झाला! डोंगराळ देशास हा सौदा कसा मानवावा? १९९८ सालच्या करारानें जुनी देवघेव पुन्हा लेखीं मांडली. परंतु दरवर्षींच्या घासाघिशींत ती फार काळ टिकली नाहीं.

पुढें २०२३ सालीं किरगिझस्तान, उझबेकिस्तान व कझाकस्तान ह्यांनीं तोक्तोगुलच्या वरच्या अंगास कंबराता येथें मिळून धरण बांधण्याच्या आराखड्यावर सह्या केल्या. तें पुरें झाल्यास हिवाळ्यांत विजेसाठीं तेथून सोडलेलें पाणी खालीं तोक्तोगुलांत अडवून उन्हाळ्यापर्यंत राखतां येईल.