बाळाला न पचणारी साखर

दूध संकलन केंद्रावर गाईच्या दुधाची किंमत दोन आकड्यांवर ठरते: फॅट आणि एसएनएफ. ३.५ आणि ८.५ लागलं की दूध पास. आईचं दूध त्या यंत्रात घातलं तर तेही बहुधा पास होईल, कारण त्यातही स्निग्धांश जवळपास तेवढाच आणि बाकीचे घन पदार्थ तेवढेच किंवा किंचित जास्त असतात. पण या एसएनएफच्या पोटात काय दडलंय ते पाहिलं की दोन्ही दुधांचा मेळ बसत नाही. गाईच्या लिटरभर दुधात सुमारे ३३ ग्रॅम प्रथिनं आणि ४७ ग्रॅम लॅक्टोज. आईच्या दुधात प्रथिनं जेमतेम १० ग्रॅम, लॅक्टोज ७० ग्रॅम आणि शिवाय ५ ते १५ ग्रॅम ऑलिगोसॅकराइड, म्हणजे अशा जटिल शर्करा ज्या बाळाला पचतच नाहीत. शेळीच्या दुधात त्या लिटरमागे पाव ग्रॅमच्या आसपास. गाईच्या दुधात त्याहून कितीतरी कमी, ०.०५ ग्रॅमच्या आगेमागे. बाळंतिणीचं शरीर जे प्रथिनांच्या तोडीस तोड प्रमाणात तयार करतं, ते बाळाच्या अंगी लागत नाही. हा अपव्यय असता तर उत्क्रांतीत टिकला नसता. हा खर्च कोणासाठी होतो हे समजल्याशिवाय दोन दुधांची तुलना करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

या शर्करांची घडण मुळातून पाहण्यासारखी आहे. जवळजवळ प्रत्येकीच्या तळाशी लॅक्टोज असतं. स्तनातल्या पेशींमधली विकरं त्यावर गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिल-ग्लुकोसअमाइन, फ्युकोज आणि सायलिक आम्ल जोडत जातात, कधी सरळ रांगेत, कधी फांद्या फोडून. घटक मोजून पाच, पण रचना दीडशेच्या वर. बाळाच्या आतड्यातली विकरं लॅक्टोज फोडतात; हे जोड त्यांना सुटत नाहीत. त्यामुळे बहुतेक शर्करा जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथे त्यांचं गिऱ्हाईक वाट पाहत असतं. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियमची वस्ती असते हे १९०० च्या सुमारास पॅरिसमध्ये आंरी तिसिए यांनी दाखवलं होतं. या जिवाणूला वाढवणारा दुधातला घटक म्हणजे याच शर्करा, हे १९५० च्या दशकात पॉल ग्यॉर्गी आणि रिचर्ड कून यांच्या कामातून पुढे आलं. मग २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या गटाने या कुळातल्या इन्फँटिस नावाच्या जिवाणूचा जनुकसंच वाचला, तेव्हा त्यात या शर्करा आत ओढून घेण्याची आणि फोडण्याची जनुकं घोळक्याने सापडली. इन्फँटिस शर्करेचा अख्खा रेणू पेशीत घेतो आणि आतच फोडतो. बाहेर इतरांसाठी फारसं काही सांडत नाही. बदल्यात तो ॲसिटेट आणि लॅक्टेट सोडतो, आतड्यात आम्लता वाढते आणि पुष्कळशा रोगकारक जंतूंना तिथे राहणं जड जातं. म्हणजे दुधातला हा भाग बाळाच्या नावावर येतो, पण जेवतात जिवाणू. तो जिवाणूच नसेल तर बरीचशी शर्करा शीवाटे निघून जाते.

इतकी ठळक गोष्ट एवढी वर्षं बाजूला का राहिली? काही अंशी मोजण्याच्या रीतीमुळे. प्रयोगशाळेत आधी सेंट्रिफ्यूजने स्निग्धांश काढावा लागतो, मद्यार्क घालून प्रथिनं खाली बसवावी लागतात, मग कार्बनच्या स्तंभातून शर्करा वेगळ्या कराव्या लागतात. पुढे वस्तुमान वर्णपटमापक वजन सांगतो, पण सारख्याच वजनाच्या, नुसता जोड वेगळा असलेल्या रचना त्याला एकट्याने ओळखता येत नाहीत. गाईच्या दुधात तर या शर्करांच्या एका भागाला हजार भाग लॅक्टोज. त्या गर्दीत त्या दिसणार कशा?

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो: वरच्या दुधावर काय मुलं वाढली नाहीत? वाढली, पण जी जगली तीच सांगायला उरली, आणि वजन वाढणं ही मुळात वासराची कसोटी आहे. वासरू साधारण दीड महिन्यात वजन दुप्पट करतं, बाळाला पाचेक महिने लागतात. शिवाय गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासराला मिळत नाहीत, म्हणून ती चिकात ठासून भरलेली असतात. खरवस नुसत्या वाफेवर घट्ट बसतो तो त्या प्रथिनांमुळेच. माणसाच्या बाळाला बरीच प्रतिपिंडं वारेतूनच मिळतात, आणि आईच्या चिकात शर्करा लिटरला २० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असतात. गाईचं दूध उणं नाही, ते वासराचं आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दर चार-पाच स्त्रियांमागे एकीत एफयूटी-२ हे जनुक काम करत नाही, आणि तिच्या दुधात एरवी सर्वांत मुबलक असणारी २'-फ्युकोसिललॅक्टोज जवळजवळ नसते. तरी तिची मुलं धडधाकट वाढतात. हे मान्यच करायला हवं. पण त्यातून शर्करा निरुपयोगी ठरत नाहीत. एक नसली तर बाकीच्या काम भागवतात एवढंच दिसतं.

म्हणूनच २०१६ पासून डब्यातल्या दुधात हीच एक शर्करा घालून ‘आईच्या दुधासारखं’ म्हणवण्याची जी चढाओढ लागली, तिच्याकडे मी संशयाने पाहतो. जनुकं बदललेल्या ई. कोलायकडून ती टाक्यांमध्ये बनवून घेतात. तंत्र उत्तम आहे, पण दीडशेतली ती एक आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या आतडं सडण्याच्या घातक आजारात जिचं प्रमाण आईच्या दुधात कमी आढळलं, ती सायलिक आम्लाचे दोन रेणू असलेली वेगळीच रचना आहे. अशा बाळांसाठी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पेढीतलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात पेशी मरतात, लायपेज हे विकर निकामी होतं, काही प्रतिपिंडं जातात. या शर्करा मात्र जवळपास तशाच राहतात. दान केलेल्या दुधाच्या बाजूने मला हा फार भक्कम पुरावा वाटतो.

राहिली गाय. तिच्या दुधातल्या थोड्या शर्करांमध्ये सायलिक आम्लवाल्या जास्त आहेत, आणि चीज केल्यावर उरणाऱ्या निवळीतून त्या गोळा करता येतात. मलावीतल्या एका खुरटलेल्या बाळाच्या आतड्यातले जिवाणू उंदरांमध्ये आणि डुकराच्या पिलांमध्ये सोडून २०१६ मध्ये केलेल्या प्रयोगात, अशा शर्करा दिलेली पिलं जास्त वाढली. आशा ठेवायला जागा आहे, पण हिशेबही करून पाहावा. दिवसाला पाऊण लिटर अंगावर पिणाऱ्या बाळाला या शर्करा सात-आठ ग्रॅम मिळतात. तेवढ्या गाईच्या दुधातून काढायच्या तर एका बाळाच्या एका दिवसासाठी दीडशे लिटर दूध लागेल.