एम्प्रेस मिलचे जुने सोबती पुन्हा एकत्र

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा धंदा करणाऱ्या आम्हा लोकांना एम्प्रेस मिलचे नाव घरातल्या बुजुर्गांसारखे आहे. आमच्या वालिदांच्या दुकानात लठ्ठा आणि धोतरजोडे तिथलेच असत. म्हणून मिलच्या जुन्या कामगारांनी गेल्या हिवाळ्यात एकत्र बसायचे ठरवले तेव्हा, आम्ही तिथे एक दिवसही काम केलेले नसताना, आम्हालाही बोलावणे आले. चहा-नाश्त्याचा खर्च आमच्याकडे होता हे खरे, पण बोलावणे केवळ त्यासाठीच होते असे आम्ही मानत नाही!

वाचकांपैकी तरुणांना ठाऊक नसेल म्हणून थोडे मागचे सांगतो. जमशेटजी टाटांनी ही मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आले, त्यावरून हे नाव पडले. मुंबई सोडून नागपुरात मिल काढणे तेव्हा अनेकांना वेडेपणा वाटला होता. पण कापूस इथे पिकत होता, रेल्वे इथवर आली होती आणि कापड घेणारे गिऱ्हाईकही याच मुलखात होते. माल जिथे पिकतो आणि खपतो तिथेच कारखाना काढावा, हा हिशेब आमच्या व्यापारी बांधवांना वेगळा समजावून सांगायला नको. 1986 साली मिल राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 साली कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे.

बैठक त्या मॉलसमोरच जमली. पंचवीस-तीस जण आले. रिंग खात्याचे, लूम खात्याचे, वाइंडिंगचे, दोघे फिटर आणि एक जॉबर, ज्यांना सगळे अजून जॉबर चाचाच म्हणतात. मोमिनपुऱ्यातले होते तसेच गोळीबार चौकातले कोष्टी भाऊही होते. साच्यांच्या आवाजाने बहुतेकांचे कान गेलेले, त्यामुळे गप्पा अशा मोठ्याने चालल्या की रस्त्यावरचे लोक भांडण समजून थांबत होते. काही जण मॉलमध्ये जाऊन सरकत्या जिन्यावर चढले. एक फिटर भाऊ मात्र खालीच उभे राहून त्या जिन्याचा आवाज ऐकत राहिले. परत येऊन म्हणाले, ‘‘बेअरिंगला तेल पाहिजे.’’

कोण कोणत्या पाळीला होता, कोणाचा डबा कोण खायचा, हे सर्व झाले. मग एक नाव निघाले आणि सगळे गप्प बसले. लूम खात्यातले हे चाचा आज सत्तरीपार आहेत. मिल सुटल्यावर ते शिलाई मशिनी दुरुस्त करून पोट भरत आले. त्यांना पेन्शन नाही. बदली कामगार म्हणून लागताना पोरवयात त्यांनी घरचे लाडके नाव सांगितले होते, तेच मस्टरवर चढले. आधार कार्डावर नाव वेगळे. कचेरीत दोनदा परत पाठवल्यावर ते लाजेने पुन्हा गेलेच नाहीत. आम्ही त्यांना रोज सलाम करतो, पण हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले.

याच मिलमध्ये जमशेटजींनी 1886 साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता. 1895 साली अपघाताची भरपाई सुरू केली. सरकारचे कायदे फार नंतर आले. आजची कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासूनची आहे. दहा वर्षांची नोकरी भरलेल्या सभासदाला 58 व्या वर्षापासून पूर्ण पेन्शन मिळते, त्याच्यामागे बेवेला मिळते. 2014 साली किमान रक्कम दरमहा हजार रुपये ठरवण्यात आली. हजारात काय होते असे आमच्यासारखा दुकानदार म्हणेल. चाचांच्या घरी औषधे होतात.

नावातल्या फरकाचा इलाज आहे. दुरुस्तीचा अर्ज करता येतो आणि कारखाना बंद असून मालकाची सही मिळण्यासारखी नसेल तर राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घेता येते. जुने ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती, जे असेल ते कामाचे. आमच्या बांधवांच्या घरी असे कागद संदुकीत पडलेले असतात आणि सफाईच्या दिवशी रद्दीत जातात. ते फेकू नका, वालिद हयात नसतील तरीही.

जॉबर चाचा म्हणाले, ‘‘हा माझ्या हाताखाली चौदा वर्षं होता. मी कुठेही येऊन सांगतो.’’ त्यांच्यामागे आणखी पाच जण उठले, त्यात तीन कोष्टी भाऊ. चाचांना आणायला एक पोरगा धावला. ते आले, प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड घेऊन. फोटो पुसट झाला होता, तिकीट नंबर मात्र साफ होता. नंबर वाचताच दोघे-तिघे एकदम त्यांचे ते लाडके नाव घेऊन ओरडले.

सोमवारी सकाळी सहाही जण चाचांबरोबर कचेरीत जाणार आहेत. अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे आले आहे, तेव्हा त्या दिवशी आमचे दुकान दुपारनंतर उघडेल.