मणीचा पांढरा घोडा

वाघाचं डोकं, अंगात उंची झगा, हातात तंबाखूचा पाईप. भाच्याने कॉम्प्युटरवर ते चित्र मोठं करून दाखवलं आणि विचारलं, "मामा, याच्याखाली 'राक्षस' असं लिहिलंय. आपल्या राक्षसाला वाघाचं डोकं कधीपासून आलं?" भाचा आयटीआयला टर्नर ट्रेडला आहे. रविवारी आमच्या चिंचवडच्या घरी येतो आणि जेवणाची ताटं पडेपर्यंत भुयारातल्या राक्षसांशी लढत बसतो. त्याच्या प्रश्नाचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना.

डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात भारतीय पुराणातला राक्षस शिकागोत माणसं खात फिरतो. आपला ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास, त्याचंच रूप घेऊन तो समोर येतो आणि मंतरलेल्या बाणानेच मरतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ रचणाऱ्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांनी तो राक्षस तिथून उचलला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात तो वाघाचं डोकं, झगा आणि पाईप घेऊन अवतरला. वाल्मीकींपासून तो निघाला खरा, पण गेमच्या दुनियेत पोचला तो अमेरिकन टीव्हीच्या वाटेने.

तिथून तो कॉम्प्युटरवर आला. डंजन गेमची रचना साधी असते. एक भुयार, त्यात खोल्या, बोळ, सापळे. एकेक मजला खाली उतरायचं, वाटेत लढायचं, मिळेल ती लूट गोळा करायची आणि तळाशी बसलेल्या बॉसला गाठायचं. १९८० च्या 'रोग' या गेममध्ये चित्रंसुद्धा नव्हती. खेळाडू म्हणजे ईमेल पत्त्यात असतं ते ॲट चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी बाराखडीतली २६ अक्षरं. पुढे २००० साली आलेल्या 'बाल्डर्स गेट २' मध्ये राक्षस स्वतःच्या नावाने भेटतो. 'डंजन क्रॉल स्टोन सूप' या फुकट मिळणाऱ्या गेममध्ये तो घाव बसला की स्वतःच्याच खोट्या प्रतिमा उभ्या करतो. मायावी हा आपला शब्द तिथे निदान अर्धा तरी पोचलाय.

मला हळहळ वाटते ती उरलेल्या अर्ध्याची. बाहेरच्यांनी राक्षसाचं सोंग तेवढं उचललं. त्याचा वर तसाच मागे राहिला, आणि आपल्या असुराचं सगळं बळ तर त्या वरात असतं. आधी तो तप करतो, मग देवाकडून वर मिळवतो, आणि त्या वरात एक बारीकशी फट राहून जाते. त्या फटीतूनच त्याचा मृत्यू येतो. उत्तम बॉस घडवायला गेम डिझायनरला याहून जास्त काय लागतं?

आमच्या दारातलंच उदाहरण घ्या. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. इथली मंगलमूर्तीची पालखी दर वर्षी भाद्रपदात आणि माघात मोरगावला मयूरेश्वराच्या भेटीला जाते. तो मयूरेश्वर ज्याच्याशी लढला त्या सिंधू असुराला सूर्याकडून अमृताचं पात्र मिळालं होतं. पात्र शाबूत आहे तोवर मरण नाही. सिंधूने ते पात्र गिळूनच टाकलं, म्हणजे कोणाच्या हाती लागायला नको. मयूरेश्वराने त्याचं पोट फाडून पात्र रिकामं केलं तेव्हा कुठे तो पडला. गेम खेळणारी पोरं बॉसच्या अंगावरचा 'वीक पॉइंट' शोधतात, तो या गोष्टीत किती बेमालूम लपवलाय! वाचण्यासाठी जे पोटात घेतलं, मारणाऱ्याला तिथेच वार करावा लागला.

महिषासुराचं तर विचारूच नका. देवीमाहात्म्यात तो रेडा असतो, पाश पडताच सिंह होतो, सिंहाचं डोकं उडवताच ढाल-तलवारवाला पुरुष, मग हत्ती, मग पुन्हा रेडा. आजच्या भाषेत या एकाच बॉसच्या पाच 'फेज' झाल्या, आणि दर फेजला लढायची तऱ्हा वेगळी. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा राहतो. तिथे जोरात वार करणाराच हरतो. थेंब पडू न देणं हीच युक्ती, म्हणून कालीला रक्त वरच्या वर पिऊन टाकावं लागतं.

भुयारच हवं असेल तर ते लोणारला आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या विवराची गोष्ट अशी सांगतात, की लवणासुर जमिनीखालच्या बिळात दडून बसायचा. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात येऊन पायाच्या अंगठ्याने त्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला आतच मारलं. दैत्यसूदनाचं मंदिर लोणारात आजही आहे. विवर उल्कापाताने झालं हे शास्त्र सांगतं, ते खरंच आहे. पण पावणेदोन किलोमीटरहून रुंद त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून खाली बघा. झाकण कुणी उडवलं हा प्रश्न आपसूक मनात येतो.

हे सगळं गेममध्ये आणायचा प्रयत्न आपल्या शेजारी झालेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' काढला. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात, राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवतात, आणि दुर्गेचा त्रिशूळ घेऊन ती महाबलासुराच्या मागावर निघते. २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये पहिल्याच गेमसाठी असलेल्या पुरस्काराच्या नामांकनात ते जाऊन बसले. पोरीच्या हातात त्रिशूळ आणि कानावर दुर्गा-विष्णूचा संवाद, हे पाहताना माझा ऊर भरून आला होता.

पण एक गोष्ट अजून कुठल्याच गेममध्ये मला भेटलेली नाही. ती मला भोसरीत दिसते.

खंडेनवमीला भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन बघा. आदल्या दिवशीच मशीन रॉकेलने पुसून लख्ख केलेली असते. लेथच्या चकला झेंडूची माळ, टूलपोस्टवर हळदकुंकवाची बोटं, स्पॅनर आणि व्हर्निअर ओळीने पाटावर मांडलेले, पुढे नारळ. देवी आणि महिषासुराच्या नऊ दिवसांच्या लढाईतला हा शेवटचा दिवस, म्हणून हत्यारांची पूजा. आता शेडच्या बाहेर या. पूर्वी जिथे शेताचा बांध होता तिथे कंपाउंडला खेटून एखादा दगड दिसेल, म्हसोबाचा. शेंदराची पुटं चढून चढून त्याचा मूळ आकार कधीच हरवलाय. त्यात दोन डोळे बसवलेत, समोर नारळाच्या शेंड्या आणि विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. जमीन एमआयडीसीत गेली, मालक बदलले, पण तो दगड हलवायला कोणी धजावत नाही. पुण्यात राहून आसपासचा मुलूख पायी धुंडाळणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' या १९६२ च्या पुस्तकात या म्हसोबाचा धागा थेट महिषाशी जोडलाय. अनेक भाविक त्याला भैरवाचं, शंकराचं रूप मानतात, आणि त्यांच्या श्रद्धेचा मान आहेच. पण कोसंबींचं म्हणणं धरून पाहिलं तर एकाच शेडमधून एक नारळ महिषाला मारणाऱ्या हत्याराला जातो आणि दुसरा महिषाला.

असुर मेला तरी आपल्याकडे त्याची गोष्ट संपत नाही. कोल्हासुराने मरताना देवीकडे मागितलं, की या क्षेत्राला माझं नाव राहू दे. ते राहिलं, आणि कोल्हापुरात ललिता पंचमीला त्र्यंबोली देवीपुढे त्याच्या नावाने आजही कोहळा फुटतो. मुद्गलपुराणात गणपतीच्या आठ अवतारांसमोर आठ असुर आहेत: मत्सर, मद, मोह, लोभ, क्रोध, काम, ममता, अहंकार. त्यातले कितीतरी मरत नाहीत, शरण येतात. लोभासुर तर लढाईविनाच शरण आला. मला विचाराल तर ही आठ मजल्यांच्या भुयाराची तयार वही आहे. चाकणच्या कारखान्यांसाठी दिवसभर कॅडवर पार्ट काढणारी पोरं या पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. गिअरचा दात ज्या हाताने वळवतात, त्याच हाताने असुराचा सुळाही वळेल. तो असुर त्यांच्याकडून घडावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

परवा चंपाषष्ठीला भाच्याला घेऊन जेजुरीला गेलो होतो. गडाच्या पायऱ्यांवर भंडाऱ्याने पाय पिवळे झालेले, दम लागलेला. म्हणून एका दीपमाळेला टेकून मी त्याला मणी-मल्लाची लढाई सांगितली. ब्रह्मदेवाचा वर मिळालेले दोघे भाऊ, सप्तर्षींच्या आश्रमाची नासधूस, मार्तंडभैरवाशी, म्हणजे खंडोबाशी, सहा दिवस युद्ध.

"मणीला मारल्यावर लूट काय मिळाली?" त्याने विचारलं.

"पांढरा घोडा. खंडोबा ज्याच्यावर बसतो तो मणीचाच घोडा. मरताना मणीला पश्चात्ताप झाला, घोडा देवाला दिला आणि मागितलं, की तुझं ठाणं असेल तिथे मलाही जागा दे. देवाने दिली."

"आणि मल्ल?"

"मल्लाला पश्चात्ताप झाला नाही. मरतानाही त्याने जगाचा नाशच मागितला. त्याचं डोकं देवळाच्या पायरीला आलं, म्हणतात. पण देवाचं नाव पडलं ते मल्लारी. मल्लाचं नाव घेतल्याशिवाय देवाला हाक मारता येत नाही."

भाच्याने खाली पाहिलं. पुढच्या पायरीवर टेकवलेला पाय त्याने उचलून घेतला, क्षणभर थांबला आणि मग ती पायरी सोडून वरच्या पायरीवर चढला.