सुतावरची ड्युटी आणि आपली नजर

बमरोलीच्या लूमवर चढणारे पॉलिस्टर सूत मुख्यतः पीटीए या कच्च्या मालापासून बनते. परदेशी पीटीएवर अँटी-डम्पिंग ड्युटी लागली की देशी कारखान्यांना आधार मिळतो, पण सूत महागते आणि भार विणकरावर येतो. २०२०च्या अर्थसंकल्पात सरकारने ही ड्युटी रद्द केली.

अशा ड्युटीची चौकशी केंद्राचे डीजीटीआर कार्यालय करते. त्याच्या नोटिसा वेबसाइटवर कोणालाही वाचता येतात; माल वापरणारेही मुदतीत आपले म्हणणे मांडू शकतात. २००९पासून ‘ग्लोबल ट्रेड अलर्ट’ जगभरातल्या सरकारांचे असे निर्णय ऑनलाइन नोंदवते. निर्णय उघड्यावर आला की ‘फायदा कोणाचा, भुर्दंड कोणाला?’ असे सरकारला विचारता येते.

घरातल्या शिकलेल्या मुलांनी या नोटिसा वाचून कारखान्यातल्या मोठ्यांना मराठीत समजावून सांगाव्यात, तेही मुदत संपण्याआधी.