दर्याकाठी राहून मिठात आयोडीन कशाला?

मालवणजवळच्या एका घरातली गोष्ट. नातसुनेला पाचवा महिना लागलेला. गावातल्या आरोग्यसेविका घरी आल्या आणि त्यांनी मीठ मागितले. चुलीजवळच्या बरणीतले खडे मीठ बशीत घेऊन त्यावर दोन थेंब टाकले. रंग पालटला नाही. मग सुनेने आणलेल्या पुडीतले मीठ घेतले, ते लगेच निळे झाले.

आजी म्हणाल्या, "गो चेडवा, ह्या निळा झालेला मीठ माणसान खावचा? जल्म गेलो आमचो दर्याच्या काठार, गळ्याक कधी गाठ इली नाय!"

आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या किनाऱ्यावर घरोघरी तो विचारला जातो. मीठ समुद्राचे, मासळी समुद्राची, मग वेगळे आयोडीन कशाला?

याचे उत्तर असे की, समुद्राच्या पाण्यात आयोडीन असले तरी मिठागरात वाळून तयार होणाऱ्या मिठात ते अगदी नाममात्र उरते. मासळीत आयोडीन असते, हे आजींचे म्हणणे खरे आहे. पण रोज पोटभर मासळी किती घरांना परवडते? पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा काय? शिवाय जोराचा पाऊस जमिनीतले आयोडीन धुऊन नेतो. मग त्या जमिनीत पिकलेल्या भातात आणि भाजीत ते कमीच असणार. आणि गळ्याला गाठ नाही म्हणजे कमतरता नाही, असेही नसते. गर्भारपणात आयोडीन फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ते नुकसान पुढे भरून येत नाही.

हे कोणी उगाच सांगितलेले नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागाला साधे. पाच-सहा वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे कमी झाला. १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या पाहण्यांत देशातले एकही राज्य या कमतरतेपासून मुक्त आढळले नाही.

मग लोकांचा संशय निव्वळ अज्ञान होता काय? नाही. शिरोड्याला मे १९३० मध्ये मिठासाठी सत्याग्रह झाला, तो हाच जिल्हा. मिठावर सक्ती आली की इथला माणूस कान टवकारणारच. १९९८ मध्ये साधे मीठ खाण्यासाठी विकण्यावर बंदी आली, २००० मध्ये केंद्राने ती उठवली, २००६ मध्ये पुन्हा लागू केली. मापाने मिळणारे स्वस्त मीठ गेले, पुडीचे महाग मीठ आले. छोट्या मिठागरवाल्यांचे काय, हा प्रश्न रास्त होता आणि आहे. पण "यात फायदा कोणाचा?" हा एक प्रश्न आणि "हे खरे आहे काय?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आवडले नाही म्हणून दुसऱ्याचे उत्तर खोटे ठरत नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला २५०. म्हणजे जन्मभराचे मिळून चमचाभरही नाही. पण ते रोज थोडे थोडे लागते. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुडीवर आयोडीनयुक्त असे छापलेले पाहूनच मीठ घ्यावे. ते झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे, कारण उष्णतेने व ओलाव्याने आयोडीन उडते. कालवणात मीठ शेवटी घालावे. आणि आयोडीन आहे म्हणून मीठ जास्त खाऊ नये. रक्तदाबाला ते घातकच. दिवसाला सगळे मिळून एक लहान चमचा पुरे.

आजींनी मधला मार्ग काढला. खडे मीठ मासळी खारवायला, पुडीतले जेवणात. मासळी टिकवण्यासाठी साधे मीठ विकायला कायद्याचीही मनाई नाही. नव्या बरणीला घट्ट झाकण आणायला मात्र त्यांनीच नातवाला बाजारात पाठवले.