औषधाला न जुमानणारे जिवाणू



पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. या औषधाने असंख्य प्राण वाचले. मग आज ते अनेक रोगांवर का चालत नाही?

पेनिसिलीनच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाचे चौकोनी कडे असते. जिवाणूची भित्ती बांधणाऱ्या प्रथिनाला ते चिकटते. भित्ती कच्ची राहते व जिवाणू फुटतो. परंतु काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे विकर तयार करतात. ते कडे तोडते आणि औषध निकामी होते. असे विकर अब्राहम व चेन यांनी १९४० मध्येच नोंदविले होते. त्याचे जनुक एक जिवाणू दुसऱ्यालाही देतो. औषधाने साधे जिवाणू मरतात, हे मात्र उरतात व वाढतात. म्हणजे औषध जितके विनाकारण वापरावे, तितके हे बळावतात.

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर ही औषधे व्यर्थ आहेत. म्हणून पालकांना आमची नम्र विनंती आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे मुलांना देऊ नयेत, दिलेली अर्धवट सोडू नयेत व उरलेल्या गोळ्या पुन्हा वापरू नयेत.